गवत कापू नका

रस्त्याच्या मधोमध एक माणूस उताणा पडला होता.

मी ब्रेकवर अक्षरशः उभीच राहिले. गाडी करकचून थांबली, मागच्या सीटवरची बॅग पुढे येऊन आदळली, आणि काळीज तर त्याआधीच कुठेतरी उडून गेलं होतं. दार उघडून धावले. तिशी-बत्तिशीचा असेल. खाकी शर्ट, मिटलेले डोळे, छातीवर टोपी.

"अहो... अहो! ऐकू येतंय का?"

एक डोळा उघडला. "येतंय. तिलाही येतंय. म्हणून जरा हळू."

"कुणाला?"

त्यानं पडल्यापडल्याच हनुवटीनं डावीकडे खूण केली. गाडीपासून वीस पावलांवर, झाडीच्या कडेला हत्तीण उभी होती. तिच्या पोटाखाली, चार खांबांमध्ये ठेवल्यासारखं, तिचं पिल्लू.

माझ्या पायांतलं बळ गेलं. त्याच्या शेजारी मी रस्त्यावरच मटकन बसले.

"छान बसलात," तो कुजबुजला. "उभ्या माणसाला ती बिचकते. आडव्याकडे लक्ष देत नाही."

"म्हणून झोपलात? की जमिनीतून... पावलं वगैरे ऐकू येतात?"

"छे हो. पाठ धरलीय माझी."

मला हसू फुटलं. भीतीनं फुटतं तसलं, तोंडावर हात दाबून आवरावं लागणारं. हत्तीण आमच्यासमोरून रस्ता ओलांडून गेली. पिल्लू मध्येच थांबलं, सोंड वर करून आमचा वास घेतला, आणि पसंत न पडल्यासारखं पळालं. मग त्या माणसानं माझ्याकडे हात पुढे केला. मला उठवायला नव्हे... स्वतःला उठवून घ्यायला!

"कॅम्पवरच निघालात ना? तुम्हालाच आणायला आलो होतो. वाटाड्या म्हणतात मला."

"रस्त्यात पडून वाट दाखवता?"

"पहिल्यांदाच," तो कमरेवर हात ठेवून म्हणाला. "पण बघा, थांबलात की नाही?"

*

महागड्या सहली आखणं हे माझं काम. जंगलात मऊ गाद्या, तंबूत झुंबर, बाथटबमधून दिसणारी हरणं... असं सगळं मी शहरातल्या सातव्या मजल्यावर बसून जुळवत असे. या कॅम्पचे बारा तंबू तर माझे विशेष लाडके. पाच वर्षांपूर्वी त्यांचे पडदेसुद्धा मी निवडले होते. फक्त एक गोष्ट मी कुणाला सांगत नसे. मी तिथं कधीच गेले नव्हते.

आता चाललेही होते ते आगीनंतर. उन्हाळा दरवर्षी लांबत होता, गवत दरवर्षी लवकर वाळत होतं, आणि महिन्यापूर्वी डोंगरावरून वणवा खाली आला होता. "फोटो काढ, दोन पानं लिही आणि परत ये," साहेब म्हणाले होते. "ते ठिकाण यादीतून काढायचंच आहे. नुसतं कागदावर कारण हवं."

जाहिरातीतले फोटो मनात ठेवून मी गाडीतून उतरले... आणि उतरले तशीच उभी राहिले.

काही नव्हतंच. डोळे पुरतील तिथवर काळी जमीन. त्या काळ्यात बारा चौथरे, आणि एका चौथऱ्यावर एकटाच, काजळी धरलेला बाथटब. मी पडद्यांचा रंग आठवायचा प्रयत्न केला. आठवेना.

"पाणी घे आधी," मागून कुणीतरी म्हणालं. साठीच्या एक बाई, हातात तांब्या, पदर खोचलेला. कॅम्पच्या मालकीण, वाटाड्याची आत्या. "जो येतो तो असाच उभा राहतो इथं. सवय झालीय आम्हाला."

वाचलं होतं ते स्वयंपाकघर, त्यामागचं लांबलचक कोठार आणि माणसं. त्या दिवशी कॅम्पवर चौदा कामगार होते आणि चार पाहुणे. अठराच्या अठरा सुखरूप. कसे, ते मी विचारलं तर आत्या म्हणाल्या, "त्यालाच विचार," आणि तांब्या घेऊन आत गेल्या.

*

पुढचे दोन दिवस वाटाड्या मला राखेतून हिंडवत होता.

मला वाटलं होतं, बघण्यासारखं काय असणार? पण राखेवर ठसा उमटतो तसा कशावरच उमटत नाही. सशाच्या पंजावरचे केसदेखील दिसत होते. एका ठिकाणी बिबट्याची मादी आणि तिच्या मागून दोन पिल्लं गेली होती. एक पिल्लू सारखं आईच्या पावलावर पाऊल टाकत, दुसरं भलतीकडेच.

"हे दुसरं तुमच्यासारखं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"सांगितलेल्या वाटेनं जायचंच नाही. काल तीनदा हाक मारली मी."

"मग चौथ्यांदा मारायची."

"मारणार होतो..." तो खाली वाकून उगाचच एक ठसा न्याहाळू लागला. "पण पाठमोऱ्या चालताना बऱ्या दिसत होतात."

उन्हानं की कशानं, माझे कान तापले. मी पटकन वही उघडली. राखेतून बोटभर हिरवे कोंब वर आले होते, इतके कोवळे की त्यांच्यावर पाय द्यायचा धीर होईना. ते खायला लांबलांबून हरणं येत होती. नऊ नऊ जीपगाड्या एका वाघामागे धावायच्या तेव्हा जे पाहुण्यांना दिसत नसे, ते मी बूट काळे करत, पायी, गुपचूप बघत होते. आणि यादीतून हे ठिकाण काढायला आलेली बाई मीच आहे, हे त्याला सांगायचं उद्यावर ढकलत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही टेकडीवर एका कातळाच्या सावलीत बसलो. मी अहवाल लिहीत होते. तो शेजारून डोकावला.

"'तंबूंना आग लागली,'" त्यानं वाचलं. मग म्हणाला, "लागली नाही. मी लावली."

मला वाटलं, थट्टा करतोय. वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"काय म्हणालात?"

"तंबू मी जाळले. या हातांनी."

वही माझ्या मांडीवरून घसरली. उचलायचं सुचलं नाही.

"वणवा या टेकडीवरून उतरत होता," तो खाली बोट दाखवत म्हणाला. "रस्ता आगीनं अडवलेला. मध्ये तुमचे तंबू, आणि तंबूंच्या दारापर्यंत माझ्या छातीएवढं वाळलेलं गवत. कापायला वेळ नव्हता. तसंच सोडलं असतं तर आग त्या गवतावरून धावत स्वयंपाकघरावर आली असती, आणि आत अठरा माणसं. म्हणून स्वयंपाकघराच्या बाजूनं मीच गवत पेटवलं. मोठी आग जवळ आली की वारा स्वतःकडे ओढते. माझी आग तिच्याकडे गेली. दोघी मध्येच भेटल्या... जिथं तंबू होते तिथं."

"आत्यांना... माहीत आहे?"

"काडेपेटी त्यांनीच आणून दिली."

तो पुढे म्हणाला, "गवत दरवर्षी कापायचो आम्ही. कॅम्पभोवती पन्नास पावलं मोकळी. पण पाच वर्षांपूर्वी शहरातून एक चिठ्ठी आली. गवत कापू नका, अंथरुणातून डोळे उघडल्यावर पाहुण्यांना गवताचा समुद्र दिसला पाहिजे. फोटोत छान येतं म्हणे. ती लिहिणारा माणूस मला एकदा भेटायचाय."

गवताचा समुद्र. ते शब्द मला सुचले तेव्हा मी खूश होऊन सगळ्या ऑफिसला वाचून दाखवले होते.

"भेटलाय," मी म्हणाले. "मी लिहिली होती ती."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला, ओळखीच्या वाटेवर अचानक दरड कोसळलेली दिसावी तसा.

"आणि... अजून एक," मी म्हणाले. आता थांबून उपयोग नव्हता. "ठिकाण यादीतून काढायचं आधीच ठरलंय. मी फक्त कारण लिहायला आलेय."

तो उठला. टोपी झटकली. "चला, ऊन वाढतंय," एवढंच म्हणाला, आणि टेकडी उतरेपर्यंत एकदाही मागे वळला नाही. मी मात्र त्या दिवशी एकही पाऊल भलतीकडे टाकलं नाही.

*

संध्याकाळी अहवाल लिहिला. दोन नव्हे, पाच पानं. त्याची काडी लिहिली आणि माझी चिठ्ठीही लिहिली, तारखेसकट. पाठवण्याआधी कोठाराच्या दारात जाऊन त्याच्या हातात पानं दिली.

त्यानं उभ्यानं वाचली. "यानं तुमची नोकरी जाईल."

"तुमचं नाव काढू का?"

"नको. खरं आहे ते." त्यानं पानं परत दिली. "तुमचंही नका काढू."

सकाळी साहेबांचा फोन आला. टेकडीवरच आवाज नीट यायचा, म्हणून धापा टाकत वर गेले. साहेब ओरडले नाहीत. ओरडण्यापलीकडे गेले होते. "तू शुद्धीवर आहेस ना? स्वतःच्या हातानं हे लिहिलंस?" दोन वेळा विचारलं, आणि मग थंडपणे सांगितलं की मी परत यायची घाई करू नये.

खाली आले तर आत्या भाजी निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसून जुडी ओढली आणि रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "झालं? आता सांग, तुझ्याकडे पाहुण्यांचे फोन नंबर असतील ना?"

"असतील. पण त्यांना काय सांगू? तंबू नाहीत, झुंबर नाही..."

"जे आहे ते सांग की. नाहीतरी कालपासून तुला खरं बोलायची सवय लागलीय."

त्या हंगामात बावीस जणांनी जागा राखून ठेवली होती. एकेकाला मी टेकडीवरून फोन केला. कोठारात खाटा असतील, गाडी नसेल, राखेतून पायी चालावं लागेल, आणि जळलेलं जंगल परत येताना दिसेल. कुणी हसलं, कुणी फोन ठेवला. वीस जणांनी नाही म्हटलं. एकविसाव्यांदा फोन लावला तो हंगामात दोनदा येणाऱ्या एका निवृत्त डॉक्टरबाईंना. वय बहात्तर.

"अगं, आगीच्या दिवशी तुझ्या त्या बाथटबमध्ये होते मी!" त्या म्हणाल्या. मी गारठले. "त्या पोरानं मला टॉवेलासकट पाठुंगळीला घेतलं आणि पळाला. तेव्हापासून पाठ दुखत असेल बिचाऱ्याची. मी येते. बहिणीलाही आणते. तुझ्या यादीत माझ्याखाली तिचंच नाव असेल."

मी फोन हातात धरून कातळावर बसून राहिले. त्यानं बाथटबचं काहीच सांगितलं नव्हतं. पाठीचंही.

*

पंधरा दिवसांत आम्ही कोठार झाडलं, भिंतींना चुना लावला, दहा खाटा टाकल्या. तो माझ्याशी बोलत होता, पण कामापुरतंच: "हे धरा", "तिकडून उचला". एकदा शिडीवरून माझा पाय सटकला तेव्हा त्यानं मला कमरेला धरलं आणि... सोडायला विसरला. आचारी चहा घेऊन आला तेव्हा कुठे सोडलं. आचाऱ्यानं चहा ठेवला, छताकडे बघत म्हणाला, "आज उकडतंय फार," आणि गेला.

डॉक्टरबाई आल्या. चार दिवस दोघी बहिणी काठ्या टेकत त्याच्यामागून राखेत, आता अर्ध्या हिरव्या झालेल्या राखेत, हिंडल्या. निघताना त्यांनी आपल्या मैत्रिणींची यादीच माझ्या हातात ठेवली. नऊ जणी. पुढच्याच आठवड्यात यायच्या होत्या.

गाडी गेली. धुऊन वाळत घातलेल्या चादरी काढायला मी अंगणात गेले, तर तोही आला. चादर घडी करायची म्हणजे दोघं लागतातच. त्यानं दोन टोकं धरली, मी दोन. ताणली, झटकली, आणि टोकाला टोक जुळवायला आम्ही एकमेकांकडे चालत गेलो. बोटांना बोटं लागली. परत मागे.

"आता तर जाणार असाल," दुसऱ्या चादरीच्या वेळी तो म्हणाला. "दुसरीकडे काम मिळेल तुम्हाला."

"मिळेल."

तिसरी चादर. पुन्हा तेच, लांब जाणं, जवळ येणं. जवळ आल्यावर मी टोकं सोडलीच नाहीत.

"मी तुमच्यावर रागावलो नव्हतो," तो एकदम म्हणाला. "म्हणजे... टेकडीवर. हादरलो होतो. पाच वर्षं ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो माणूस तुम्ही निघालात. आणि तोवर मला तुम्ही... फार..."

"फार काय?"

"आवडायला लागल्या होतात. दोन्ही एकदम कसं करायचं, तेच कळेना."

माझ्या छातीत असं काही धडधडलं की चादरीतून त्यालाही जाणवलं असावं. "अजून शिव्या घालता?"

"नाही. आता दुसरंच एक सुरू आहे."

"मग ऐका," मी म्हणाले, आणि माझा मलाच धक्का बसला, कारण हे मी ठरवलं नव्हतं. "मी कुठेही जाणार नाहीये. काम इथं आहे म्हणून नाही. तू इथं आहेस म्हणून."

तो पांढराफटक पडला. वणव्यासमोर काडी ओढणारा माणूस, गुडघ्यात वाकून हळूच ओट्यावर बसला, चादर छातीशी धरून.

"काय झालं? पाठ?"

त्यानं मान हलवली. डोळे भरले होते, ओठ हसत होते. "नाही... पाय," तो म्हणाला. "पायांतलं बळच गेलं."

मीही त्याच्या शेजारी बसले. त्यानं चादरीची दोन टोकं सोडून माझा हात धरला.

"अरे, चादरी झाल्या का?" आतून आत्यांनी विचारलं.

"तीन झाल्या," तो म्हणाला. "बाकीच्या... उद्या करतो."

आत्या दारात आल्या, आम्हाला बघून जागच्या जागी थबकल्या, तोंडावर हात ठेवला, आणि दार हळूच ओढून घेतलं.