फळीवरचं जुळं मशीन

मशीन ओंडक्याच्या मधोमध बंद पडलं.

बाईंनी दोरी ओढली, पुन्हा ओढली. जुना चेनसॉ ना घुरघुरला, ना खोकला. पातं अर्धं लाकडात रुतलेलं, हिवाळा तोंडावर आलेला, आणि शेडमध्ये शेगडीसाठी म्हणावं तर नुसत्या काटक्या.

पाचर ठोकून त्यांनी मशीन सोडवलं आणि घरी आणलं. हात धुतायत तोच फोन वाजला. मुलगा होता. दुसरं कोण असणार?

बाईंनी उभा जन्म टेलिफोन ऑफिसात काढला होता. नोकरी संपून किती वर्षं झाली, तरी लोक त्यांना टेलिफोनबाईच म्हणत. अख्ख्या गावाला एकमेकांशी जोडून देणाऱ्या या बाईंचा स्वतःचा फोन आता मुलाला आठवण झाली तरच वाजायचा.

मशीन चालतंय ना, असं त्याने विचारलं. थाप मारता आली असती. पण बाई दुसऱ्यांच्या थापा ओळखण्यात तरबेज होत्या, मारण्यात नाही. बंद पडलं, म्हणाल्या.

पलीकडून सुस्कारा आला. ठरलं होतं ते असं. नवऱ्याच्या माघारी बाईंनी टेकडीवरच्या घरात एकटीने राहायचं, पण शेगडीचं लाकूड स्वतःचं स्वतः कापता येतंय तोवरच. मशीन पुन्हा बंद पडलं की घराला कुलूप आणि मुक्काम मुलाकडे. हे कबूल बाईंनीच केलं होतं.

"आई, दोष मशीनचा नाही," मुलगा म्हणाला. "तू पेट्रोलमध्ये तेल घालायला विसरतेस. दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींनाही तीच शंका आहे, तूच सांगितलंस मला. उद्या शेगडी विझवायला विसरशील. मी रविवारी गाडी घेऊन येतो."

फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ खुर्चीत बसून राहिल्या. घर सुटण्याची भीती होतीच. पण तिच्याहून मोठी भीती ही, की पोराचं म्हणणं खरं असेल तर? आपण विसरतोय हे विसरणाऱ्याला कुठे कळतं?

मग त्या उठल्या आणि बॅटरी घेऊन शेडमध्ये गेल्या.

या मशीनच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावंच लागतं. नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिनाचे बारा वाजतात. बाईंकडचं तेल गडद हिरवं होतं. त्यांनी टाकीचं झाकण काढून आत उजेड टाकला. पेट्रोल हिरवट दिसलं. म्हणजे तेल घातलं होतं. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. मग हे बिघडतंय कशाने?

वर्षभर हेच चाललं होतं. आधी ठिणगी देणारी कॉइल गेली. मिस्त्रींनी दुसरी बसवली आणि मशीन पुढे कितीतरी दिवस गुणी बाळासारखं चाललं. मग नुसती चेनला धार लावून आणली, तर ते धापा टाकू लागलं. कार्बोरेटर साफ करून घेतला. तरी कुरकुर चालूच. मागच्या खेपेला मिस्त्री म्हणाले, कॉइल पुन्हा दमलीय.

पहिला संशय शेजारच्या मास्तरांवर होता. मशीनचा आवाज त्यांच्या डोक्यात जायचा आणि ते विहिरीत टाका असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. शेडला कुलूप नव्हतं. म्हणून मागच्या दुरुस्तीपासून बाई दाराच्या खालच्या बाजूला राखाडी लोकरीचा धागा बांधत होत्या. सहज कुणाला दिसू नये असा. तो एकदाही तुटला नव्हता.

तरीही सकाळी त्या मास्तरांकडे गेल्या आणि सरळ विचारलं. मास्तरांना राग आला नाही. ते म्हणाले, पाठीच्या दुखण्यामुळे त्यांच्याने पाण्याची बादली उचलवत नाही, तर मशीन काय उचलणार. आणि बाई निघून गेल्या तर त्यांनी कटकट तरी कुणाशी करायची?

दुसरा संशय पोटच्या पोरावर. आई आपल्याकडे यावी असं वाटणारा तोच एक. पण गेल्या उन्हाळ्यापासून त्याने उंबऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं, हीच तर बाईंची तक्रार होती. शंका आली याची त्यांना लाज वाटली.

शेडमध्ये कुणी आलं नव्हतं. तेल विसरलं नव्हतं. बाईंनी पेचकस घेतला आणि मशीनचं वरचं झाकण उघडलं.

हे काम एरवी नवऱ्याचं. त्याची एक खोड होती. कुठलाही स्क्रू आवळला की त्याच्या डोक्यावर तो लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. स्क्रू हलला तर ठिपक्याला तडा जातो आणि लगेच कळतं. बाटली अर्थात बाईंची. लग्नानंतर हौसेने आणलेली ती बाटली बोटांना कमी आणि मशीनलाच जास्त लागली. यावरून त्या पुष्कळ भांडल्या होत्या.

सायलेन्सरच्या स्क्रूंवर ठिपके होते. हँडलच्या स्क्रूंवरही होते. कार्बोरेटरवर एकही नव्हता.

साफ करताना निघाले असतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण स्क्रूच्या खाचेत लालाचा कणसुद्धा नव्हता. बाईंनी झाकण लावलं आणि घरात येऊन फोन उचलला.

फोन लावला तो शहरातल्या भंगारवाल्याला. जुन्या चेनसॉचे सुटे भाग सगळ्या मुलखात त्याच्याकडेच मिळत. मिस्त्रींनी कॉइलसाठी त्याच्याकडे शब्द टाकलाय असं सांगितलं होतं. रविवारच्या आत ती मिळाली तर अजून वेळ गेलेली नाही, असं बाईंच्या मनात होतं.

"कोणती कॉइल, ताई?" भंगारवाला म्हणाला. "या मॉडेलचं मला कुणी वर्षभरात काही विचारलं नाही. मिस्त्रींचा तर फोनच नाही. बरे आहेत ना ते?"

बाईंनी आभार मानले. रिसीव्हर ठेवला, पेट्रोलचा कॅन पिशवीत घातला आणि बंद मशीन उचलून निघाल्या.

मिस्त्रींचं दुकान गावाच्या टोकाला होतं. एक खोली, मागे झोपायची दुसरी. भिंतीला पाने-पकडी टांगलेल्या, फळ्यांवर पुन्हा कधी चालणार नाहीत अशी मशीनं. नव्या मशीनचे दिवस आल्यापासून दुकानात गिऱ्हाईक असं नव्हतंच. बाईंना पाहून मिस्त्रींचा चेहरा उजळला आणि त्यांनी लगबगीने चहाचं आधण ठेवलं. नेहमीसारखंच. नेहमी बाईंना ते बरं वाटायचं.

आज त्या फळीकडे पाहत होत्या. वरच्या फळीवर त्यांच्या मशीनचं जुळं भावंड बसलेलं असायचं. तेच मॉडेल, तोच रंग. एकाचे भाग काढून दुसऱ्याला जगवायचं, ही या धंद्याची रीत. शेजारच्या मशीनांवर बोटभर धूळ होती. जुळं मात्र लख्ख पुसलेलं.

"मिस्त्री, माझा कार्बोरेटर बदललात का?"

"छे. साफ केला आणि तोच बसवला."

"आणि कॉइल?"

"भंगारवाल्याकडे शब्द टाकलाय. मिळेल हळूहळू."

"कधी टाकलात?"

"झाले की बरेच दिवस." मिस्त्री कप पुसू लागले. तो आधीच पुसलेला होता.

"ते वरचं मशीन खाली घ्या."

"त्यात काय ठेवलंय, बाई? त्याला ठिणगीच नाही. त्याची कॉइल काढून तर तुमच्या मशीनला दिली. विसरलात?"

विसरलात. तो शब्द बाईंच्या वर्मी लागला. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि जुळं स्वतः खाली घेतलं. मिस्त्री पुढे झाले, मग जागीच थांबले.

बाईंनी पिशवीतून आपला कॅन काढून त्याच्या टाकीत हिरवट पेट्रोल ओतलं. मशीन जमिनीवर ठेवून मागच्या हँडलवर पाय दाबला आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली.

मशीन दोनदा खोकलं आणि सुरू झालं.

दोनदा खोकून मग सुरू होणारं. तो आवाज बाईंनी संसारभर अंगणातून ऐकला होता. त्यांनी तो थोडा वेळ ऐकला आणि बटण दाबून मशीन बंद केलं. मग झाकण उघडून मिस्त्रींसमोर धरलं. कार्बोरेटरच्या स्क्रूंवर लाल ठिपके होते.

"पहिल्यांदा माझी कॉइल खरंच गेली," बाई म्हणाल्या. "या जुळ्याची काढून तुम्ही मला दिलीत. काम चोख झालं. म्हणून माझं येणं थांबलं. मग मी धार लावायला आले, तेव्हा तुम्ही माझा चांगला कार्बोरेटर काढून याचा मेलेला मला बसवलात. मी येऊ लागले. मागच्या खेपेला चांगली कॉइल परत याच्यात घातलीत आणि माझी जुनी, गेलेली, कशीबशी चालती करून मला दिलीत. शेडमध्ये कुणी शिरलं नाही, मी तेल विसरले नाही. मशीन प्रत्येक वेळी याच खोलीत बिघडलं. चांगले भाग खणात टाकले असतेत, तर मला आयुष्यभर कळलं नसतं. का नाही टाकलेत?"

मिस्त्री खाली बसले. "चांगला भाग खणात गंजत पडलेला बघवत नाही," ते हळूच म्हणाले. "त्याची जागा समोर रिकामी दिसत होती. हात आपोआप गेला."

"आणि मला का बिघडकं दिलंत?"

"मशीन नीट चालू लागलं की तुम्ही येत नव्हता. दिवसच्या दिवस दाराकडे बघत बसायचो. या दुकानात येऊन चहा घेणारं दुसरं कुणी नाही, बाई."

आधण उकळून उकळून आटत आलं होतं. बाईंनी उठून ते बंद केलं.

"मशीनचं सोडा," त्या म्हणाल्या. "तेल विसरता का, असं तुम्ही मला विचारलंत. तुम्हाला ठाऊक होतं मी विसरत नाही. मी ते खरं मानलं, मिस्त्री. माझ्या पोराने मानलं. रविवारी तो मला इथून कायमची न्यायला येतोय. मग कुणाला चहा पाजणार होता?"

मिस्त्रींनी चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांना हे ठाऊक नव्हतं. बाई खरं-खोटं श्वासावरून ओळखत, आणि हा श्वास खोटा नव्हता. पण त्याने काही हलकं झालं नाही.

बाई फळीवरचं मशीन घेऊन घरी आल्या. आपलं तिथेच टाकून आल्या.

रविवारी मुलगा आला तेव्हा शेडमध्ये कापलेल्या लाकडांची रास छताला टेकली होती. तो रास बघत उभा राहिला. बाईंनी त्याला मिस्त्रींचं नाव सांगितलं नाही. एक भाग खराब होता, बदलला, एवढंच म्हणाल्या. आणि तेलाचं पुन्हा कधी बोलू नकोस, असंही. तो ओशाळला. जेवला आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला. जाताना मास्तरांनी कुंपणावरून आवाजाबद्दल तक्रार केली.

संध्याकाळी घर शांत झालं. मशीन ठणठणीत होतं. दुकानात जायला आता काही निमित्त उरलं नव्हतं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण बाईंना फार एकटं वाटलं. त्या फोनजवळ जाऊन बसल्या, उठल्या, शेगडीत लाकूड सरकवलं, पुन्हा येऊन बसल्या आणि नंबर फिरवला.

पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"मी बोलतेय," बाई म्हणाल्या. "माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत," मिस्त्री म्हणाले. मग घाबरत विचारलं, "मशीनला काही झालं का?"

"काही झालेलं नाही. मशीन छान चालतंय. एवढंच सांगायला फोन केला."

टेलिफोन ऑफिसात बोलणं संपलं की जोडणी काढून टाकायची शिस्त होती. बाई रिसीव्हर कानाला लावून तशाच बसून राहिल्या, आणि तिकडूनही कुणी फोन ठेवला नाही.