कोरा नमुना

आमच्या प्रयोगशाळेत सकाळचं पहिलं काम कोऱ्या नमुन्याचं. काचेच्या नळीत दहा मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं, पांढरी गोळी टाकायची, नळी हलवून यंत्रात ठेवायची. पाण्यात क्लोरीन असला तर गोळीने ते गुलाबी होतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये क्लोरीन नसतो, म्हणून यंत्राने शून्य दाखवायला हवं. शून्य आलं की शहराला सोडायच्या पाण्याचा नमुना तपासायचा. वहीत तीन रकाने असतात: नमुना, आकडा, सही. ज्याने नळी भरली त्यानेच सही करायची. हा नियम माझ्या थोरल्या भावाने घातला. दादा पाणीपुरवठ्याचा मुख्य अभियंता आहे, आणि त्याच्या सहीचा तो कागद बेसिनच्या वर अजून चिकटवलेला आहे.

त्या रविवारी माझी ड्यूटी होती आणि दहा वाजता दादाच्या नातीचा बाप्तिस्मा. मी धर्ममाता होणार होते. क्लोरीनची टाकी सांभाळणारे काका नऊ वाजता दारात आले.

"ताई, सिलिंडर हलका वाटतोय. नवा मागितला त्याला नऊ दिवस झाले, वरून हूं नाही की चूं नाही. आजचा नमुना जरा नीट बघा. कमी आला तर मी पाणी सोडत नाही."

"बघते," मी म्हणाले.

मी बघितलं नाही. चार वर्षं तो आकडा ०.४च्या आगेमागेच येत होता. मी ०.४ लिहिलं, सही केली आणि काकांना फोनवर "सोडा" म्हणून सांगितलं. सव्वादहाला मी बाळाला हातांवर घेऊन उभी होते. फादरनी विचारलं, पापाचा त्याग करतेस का? मी मोठ्याने "करते" म्हणाले.

आठ दिवसांत खालच्या वस्तीत चौऱ्याहत्तर माणसं आजारी पडली. कपडे शिवून देणारी एक बाई गेली. तिच्या मशीनच्या सुईखाली एक बाही तशीच अडकून राहिली होती, असं काका म्हणाले. ते तिच्या घरी जाऊन आले होते. मी गेले नव्हते.

चौकशी समिती बसली. प्रमुख दादा. वहीत ०.४ होतं, म्हणजे सकाळी क्लोरीन होता. म्हणजे नंतर काकांनीच हलगर्जी केली. नव्या सिलिंडरसाठीचं त्यांचं मागणीपत्र फाइलमध्ये सापडलं नाही. निवृत्तीला अकरा महिने उरलेला माणूस घरी बसला, आणि पोलिसांत तक्रार द्यायची की नाही हे समितीच्या शेवटच्या बैठकीत ठरणार होतं.

काकांच्या निलंबनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा कोरा नमुना गुलाबी झाला. यंत्राने ०.४ दाखवलं.

मी नळी ॲसिडने धुतली. हातमोजे बदलले, गोळ्यांचं नवं पाकीट फोडलं, डिस्टिल्ड वॉटरची सीलबंद बाटली उघडली. ०.४. माझी सहकारी, जिला सगळे बडबडी म्हणतात, तिने त्याच बाटलीतून तीच नळी भरली. शून्य. पुन्हा मी. ०.४.

"बाई, तुमच्या हातालाच क्लोरीन सुटलाय," ती हसून म्हणाली. "तुम्हालाच टाकीत सोडू या, सिलिंडर मागवायलाच नको."

मी हसले नाही. तेरा दिवस मी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या टेबलांवर, दोन वेगळ्या यंत्रांवर मोजलं. आकडा ०.३९ नाही, ०.४१ नाही. कुठलंही मोजमाप थोडं इकडेतिकडे होतंच. हे होत नव्हतं. प्रत्येक आकडा मी वहीत लिहिला आणि पुढे सही केली.

शनिवारी मी पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडे फादरनी सगळं ऐकून घेतलं.

"देवाकडे तोंड बघून न्याय होत नाही," ते म्हणाले. "तुझ्या जागी दुसरं कुणी उभं राहणार नाही, आणि तुझ्या जागी दुसऱ्याला उभं करायचा तुला हक्क नाही. देवाची क्षमा मिळेल. पण त्या माणसाचं नाव तू साफ करायचं."

"हो, फादर."

सोमवारी कोरा नमुना ०.४च आला. मला आश्चर्य वाटलं नाही. मी संध्याकाळी दादाकडे गेले आणि बैठकीत काय सांगणार ते आधीच सांगून टाकलं.

"डोकं ठिकाणावर आहे ना?" दादा म्हणाला. "तुझ्या वहीत सगळं जागच्या जागी आहे. काकांचं मी बघून घेतो."

"आणि त्या बाईचं?"

त्याने नातीचा पाळणा हलवायला सुरुवात केली.

"दादा, काकांचं मागणीपत्र तुझ्याकडे आलं होतं?"

"माझ्याकडे रोज शंभर कागद येतात," तो म्हणाला. पाळणा थांबला नाही.

बैठक बुधवारी सकाळी अकराला होती. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला. दादा, आरोग्य अधिकारी बाई आणि एक निवृत्त न्यायाधीश. काका दाराजवळच्या खुर्चीवर. मी उभी राहिले आणि सांगितलं: नमुना तपासला नाही. आकडा मनाने लिहिला. पाणी माझ्या शब्दावर सुटलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"तुमच्यावर कारवाई होईल, बाई," न्यायाधीश म्हणाले.

"व्हायलाच हवी."

"तिच्या मनावर ताण आहे," दादा मध्येच म्हणाला. "मुळात यंत्रच बिघडलंय. तिचा कोरा नमुना इतके दिवस चुकीचा येतोय, वहीत आहे बघा."

"दाखवा," न्यायाधीश म्हणाले.

यंत्र आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली मी सोबत आणली होती. नळी भरली, गोळी टाकली. ती बुडबुडे सोडत विरघळली. पाणी काचेसारखं राहिलं.

शून्य.

मी आकडा लिहिला आणि सही केली.

"काल चूक, आज बरोबर. म्हणजे बेभरवशाचंच," दादा म्हणाला. "आण इकडे."

त्याने त्याच बाटलीतून स्वतः नळी भरली. स्वतः गोळी टाकली.

पाणी गुलाबी झालं. मग गडद.

०.९.

"नऊ दिवस," दाराजवळून काका हळूच म्हणाले.

आरोग्य अधिकारी बाईंनी नळी घेतली, धुतली, भरली. शून्य.

दादाने पुन्हा भरली. ०.९.

"हे तुम्हालाही दिसतंय?" त्याने विचारलं.



मी आकडा लिहिला आणि वही त्याच्यापुढे सरकवली.

"तू कर सही," तो म्हणाला.

"मला नाही करता येत, दादा. नळी तू भरलीस."

त्याने खिशातून पेन काढलं. टोपण उघडायला त्याला वेळ लागत होता. त्याच्या कोपराशी प्यायच्या पाण्याचा पेला होता. त्यात गोळी कुणीच टाकली नव्हती.

तळापासून तो हळूहळू गुलाबी होत होता.