जास्तीची तार

"मामा, तो फोन लावू नकोस," शंका म्हणाली.

मामाने बोट थांबवलं, पण फोन काही खाली ठेवला नाही. समोर ओट्यावर मावशीचा तीन मजली केक उभा होता. पांढरंशुभ्र क्रीम, कडेने साखरेची फुलं. संध्याकाळी एका लग्नात तो पोहोचवायचा होता, तोही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ऑफिसची नोकरी सोडून मावशीने केक करायला सुरुवात केली, त्यानंतरची ही पहिली मोठी ऑर्डर. केक हलू नये म्हणून तिने स्वतःच्या गाडीत मागे खास फळी बसवून घेतली होती, त्यामुळे दुसरी गाडी चालणार नव्हती. आणि आज सकाळी त्याच गाडीचा एसी लावला, तर भट्टीचं दार उघडावं तशी गरम हवा अंगावर आली. अशा उन्हात त्या गाडीतून केक नेला असता, तर वाटेतच त्याचा चिखल झाला असता.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला येऊन गेला होता. त्याने बॉनेट उघडण्याचेही कष्ट घेतले नाहीत. हवेच्या झरोक्यापुढे तळहात धरला, "गॅस संपलाय" असं जाहीर केलं आणि गाडी उद्यापर्यंत ठेवावी लागेल म्हणाला. मामाने, जणू आपलंच निदान खरं ठरलं अशी मान डोलावली. मग त्याने मावशीला ऑर्डर रद्द करायचा सल्ला दिला आणि वर नोकरीच बरी होती हेही ऐकवलं. मावशी केकवरचं एक फूल उगाच सरळ करत राहिली. शंकाला सगळ्यात जास्त राग आला तो त्या गप्प बसण्याचा.

शंका ही मावशीची भाची, सुट्टीसाठी आलेली. उठता बसता शंका काढते म्हणून हे नाव. सोबत तिचा धाकटा भाऊ भोंगा. हे नाव का पडलं, ते त्याने तोंड उघडलं की कळतं. तिसरी चिमटी, मामाचीच मुलगी, हातापायांच्या काड्या. सकाळपासून तिघांनी काही म्हणायला तोंड उघडलं की मामाचं एकच पालुपद, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नका."

"गाडीखाली पाणी पडलंय," शंका आता म्हणाली. "एसी थंड करत असतो तेव्हाच तसं पाणी ठिबकतं. गॅस संपला असता तर ते आलं कुठून?"

मामाने हसून सांगितलं की रेडिएटर गळत असेल, आणि पुन्हा लग्नघरचा नंबर शोधू लागला.

"रेडिएटरचं पाणी हिरवं आहे, मी टाकीत पाहिलंय," शंका मागे हटली नाही. "हे साधं आहे आणि गार आहे. मावशी, केक तुझा आहे. रद्द करायचा की नाही ते तू ठरव. पण आधी एकदा येऊन बघ तरी."

मावशीने हात पुसले आणि मामाच्या हातातला फोन काढून घेतला. "दहा मिनिटं थांब, दादा," म्हणाली आणि चपला सरकवून बाहेर पडली.

अंगणात तिने गाडी सुरू करून एसी लावला, बॉनेट उघडलं आणि मुलांना पंख्यापासून लांब उभं केलं. एसीच्या जाड पाइपला तिने जपून बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. पाइप बर्फासारखा गार होता, त्याला घामही फुटला होता.

"म्हणजे एसी बिचारा राबतोय," भोंगा गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आणि आत कुणीतरी त्याची हवा पुन्हा तापवतंय!"

मस्करीत बोलला, पण शंकाचे डोळे चमकले. तापवणारं एकच असू शकतं, हीटर. ती आत बसली आणि गरम-थंडचं बटण फिरवलं. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गरगर फिरलं. मावशी चक्रावली. ते बटण तर घट्ट होतं, तिला दोन बोटांनी जोर लावावा लागायचा. कधीपासून बिघडलं, हे आठवू लागली, तेवढ्यात भोंग्याने गाडीतल्या नव्या टेपकडे बोट दाखवलं. तो टेप रविवारी मामाने स्वतःच्या हातांनी बसवला होता आणि त्यानंतर दोन दिवस त्याचंच कौतुक घरभर सांगत फिरला होता. एसी लावायची वेळ त्यानंतर आजच आली होती.

मावशीने गाडी बंद केली. मोठ्या माणसाचा हात टेपच्या खाली जाईना, म्हणून चिमटी टॉर्च घेऊन पायांच्या जागेत उताणी शिरली. बराच वेळ नुसते तिचे पाय दिसत होते.

"एक जाड तार आहे," आतून आवाज आला. "टोकाला कडी आहे. ती बाजूला बांधून ठेवलीय, आत्याच्या केकच्या खोक्याच्या हिरव्या रिबिनीने." मग ती म्हणाली, "बाबा, दुहेरी गाठ आहे. तुझ्यासारखी."

मामा एव्हाना मागे येऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कुणी काही विचारायची गरजच उरली नाही. टेप बसवताना एक तार उरली होती, टेप तर तिच्याशिवायही वाजत होता, म्हणून जास्तीचीच असेल असं समजून त्याने ती नीट बांधून टाकली होती. कंपनीवाले देतात अशा जास्तीच्या तारा, असंही तो पुटपुटला. बटणापासून हीटरच्या झडपेकडे जाणारी तार नेमकी तीच होती, आणि झडप तेव्हापासून उघडीच राहिली होती.

चिमटीने गाठ सोडली, चाचपडत कडी झडपेच्या खुंटीवर बसवली आणि टक्क आवाज झाला. मावशीने गाडी सुरू केली, बटण निळ्या खुणेवर आणलं. ते आता घट्ट फिरलं. आधी कोमट, मग गार, मग इतकी गार हवा आली की भोंग्याने तोंडच झरोक्याला लावलं.

संध्याकाळी केक साखरेच्या एकूणएक फुलासकट लग्नात उभा राहिला. नवरीच्या आईने मावशीचा हात हातात घेऊन दुसऱ्या लेकीच्या लग्नाचा केकही तूच करायचास असं सांगितलं. मावशीने तिघांना पुढे ढकललं आणि म्हणाली, "ही तीन नसती तर हा केक घरीच राहिला असता. माझं धाडस हरलं होतं, यांचं नाही."

मामाने घसा खाकरला. खरं म्हणजे गाडीचं मूळ दुखणं काय होतं, ते तो समजावून सांगणार होता.

"बाबा," चिमटी हिरवी रिबीन बोटाला गुंडाळत म्हणाली, "मध्ये बोलू नकोस."