पाय चौकटीत हवा

"तुमचं मागचं चाक जाम आहे."

ओळख ना पाळख, पहिल्याच भेटीत कुणी एखाद्या मुलीला असं म्हणतं का? पण तो म्हणाला. जाळीच्या पलीकडे उभा राहून, हातात पान्हा, शर्टाला ग्रीस आणि चेहऱ्यावर अशी काळजी की जणू हिला तातडीने भरती करायला हवं.

ती बॅट खांद्यावर टाकून वळली. संध्याकाळचं मैदान रिकामं होतं. यंत्राने फेकलेले तीस चेंडू तिने मारले होते आणि तीसच्या तीस समोरच्या मातीत घरंगळत गेले होते. डोकं आधीच तापलेलं, त्यात हा!

"मला चाकं नाहीत," ती म्हणाली. "पाय आहेत. दोन."

"तेच म्हणतोय. उजवा फिरतच नाही. खांदे फिरतात, हात फिरतात आणि मागचा पाय आपला खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी. गाडी असती ना, तर एका बाजूला ओढली असती."

"सॉफ्टबॉल खेळता वाटतं?"

"छे! समोरच्या गॅरेजमध्ये चाकांचं अलाइनमेंट करतो. पंधरा दिवस रोज बघतोय तुम्हाला." आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. कान लालबुंद झाले. "म्हणजे – तुम्हाला नाही. पायाला. म्हणजे पाय तसे नाही... फिरण्याच्या दृष्टीने..."

"कळलं," ती म्हणाली आणि हसू लपवायला चेंडू गोळा करू लागली.

आता तिची गोष्ट सांगायलाच हवी. ती मावशीच्या बेकरीत काम करायची. पिठाची पोती उचलून उचलून दंड असे कमावले होते की संघातल्या मुलींनी तिचं नावच क्रेन ठेवलं होतं. एवढे दंड, म्हणजे चेंडू आभाळातच जायला हवा, नाही का? पण कुठलं काय! चेंडू, तो टाकणाऱ्या पिचरच्याच पायाशी जाऊन निमूट थांबायचा. तीन वर्षं ती सरावाला येत होती. पण संघाची बस स्पर्धेला निघाली, की ही बॅटांच्या पिशव्या आत चढवून द्यायची, हात हलवायची आणि घरी यायची.

यंदा बसमध्ये एक जागा उरली होती. प्रशिक्षक मॅडमनी सांगून टाकलं होतं, "तीन आठवड्यांनी रविवारी चाचणी. प्रत्येकीला पाच चेंडू. लांबच्या कुंपणाला चेंडू लावेल तिची जागा." आणि मावशीनेही सांगून टाकलं होतं, "मिळाली तर खुशाल जा. नाही मिळाली तर सोमवारपासून संध्याकाळची पाळी तुझी. माझे गुडघे आता ऐकत नाहीत गं." मावशीचं काही चुकत नव्हतं. पण संध्याकाळची पाळी म्हणजे मैदान कायमचं बंद.

म्हणून दुसऱ्या दिवशी सगळा मान गिळून ती जाळीपाशी गेली आणि समोरच्या गॅरेजकडे बघून ओरडली, "ओ चाकवाले! जाम चाक सोडवायचं कसं?"

तो गाडीखालून बाहेर आला तो हसत थेट मैदानातच.

जेवणाच्या सुट्टीत बसून त्याने मोबाइलवर वीस खेळाडूंचे फटके हळू करून करून बघितले होते. "जोर हातात नसतोच," तो सांगू लागला. "जमिनीतून येतो. आधी मागची टाच सुटते, मग गुडघा आत वळतो, मग कंबर, मग खांदे. हात सगळ्यात शेवटी. तुमचे हात रांग मोडून पुढे घुसतात."

"हात माझे आहेत, घुसणारच."

"मग त्यांना शिस्त लावा."

तिने ऐकलं, समजलंही. पण समजणं वेगळं आणि पायाने ऐकणं वेगळं! टाच सोडायला जावं तर तोल जायचा. तोल सांभाळावा तर चेंडू निघून जायचा. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी सकाळी तो पाव घ्यायला बेकरीत आला, तेव्हा ती टेम्पोतून पोती उतरवून भिंतीलगतच्या थप्पीवर भिरकावत होती. पोतं मागे झुललं, मागची टाच उचलली, कंबर गर्रकन फिरली आणि पंचवीस किलोचं पोतं अलगद जाऊन थप्पीवर बसलं.

त्याच्या हातातला पाव खाली पडला.

"हेच! परत टाका! अहो, परत टाका!"

गल्ल्यावरच्या मावशीने चष्म्यावरून पाहिलं. "हा कोण गं?"

"चाकवाला," ती म्हणाली.

"बरं. पोती उतरवायला आलाय की नुसता बघायला?"

त्याने मुकाट्याने बाह्या वर सारल्या आणि अकरा पोती उतरवली. दुपारपर्यंत त्याची पाठ धरली होती. पण संध्याकाळी तिने डोळे मिटून पोतं आठवलं, डोळे उघडले आणि मारला... ठण्ण! चेंडू पहिल्यांदाच तिच्या डोक्यापेक्षा उंच गेला. ती किंचाळली. तोही किंचाळला. मग दोघांच्याही लक्षात आलं, की किंचाळता किंचाळता तिने त्याचा दंड घट्ट धरला होता.

"सोडतेस का?" तो हळूच म्हणाला. "म्हणजे... घाई नाही."

'सोडतेस' म्हणाला! अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिने हात सोडला, पण फार घाईने नाही.

मग त्याने तिचे फटके मोबाइलवर टिपायला सुरुवात केली. नियम तिनेच घालून दिला: कंबर आणि पाय, बाकी काही नको. सराव संपला की दोघं मैदानाच्या पायरीवर बसायची, डोक्याला डोकं लावून तो इवलासा पडदा बघायची. "हा बघ पुढचा पाय," तो म्हणायचा. "तो ब्रेक आहे. तो घट्ट रोवला की कंबर झटक्यात फिरते. पण तू टाकतेस फार लांब. चौकटीबाहेर गेला तर फटका बाद." चुन्याने आखलेल्या चौकटीत उभं राहून मारायचं आणि मारताना पाय अख्खा रेषेबाहेर टेकला तर फलंदाज बाद, असा खेळाचा नियमच आहे. "जपेन," ती म्हणायची. त्याच्या केसांना डिझेलचा वास यायचा आणि तिला तो आवडायला लागला होता. आता काय म्हणावं या पोरीला!

शेवटच्या आठवड्यात मात्र गंमत झाली. "दाखव ना आजचं," असं ती म्हणाली की तो मोबाइल खिशात घालायचा. "आज नीट आलं नाही. मी सांगतो ना काय चुकलं ते." आणि खरंच बिनचूक सांगायचा. तिने कशाला शंका घ्यावी?

रविवारी मैदानाच्या कडेला अख्खा संघ बसला. मावशीसुद्धा दुकान बंद करून, खुर्ची घेऊन आली. जागेसाठी दोघीच उरल्या होत्या: ही आणि संघातलीच एक, शाळेत चित्रकला शिकवणारी टीचर. टीचरचे पाच चेंडू झाले. लांब गेले, पण कुंपणाला एकही लागला नाही. मग टीचर मागचे चेंडू झेलायला, कॅचर म्हणून तिच्या मागे बसली.

पहिला चेंडू मातीत गेला. दुसरा हुकलाच. तिसरा बरा बसला, चौथा मैदानाच्या बाजूच्या रेषेबाहेर गेला. तिने कडेला बघितलं. तो मोबाइल धरून उभा होता. पाचवा आला... टाच, कंबर, खांदे, हात! असा आवाज आधी कधी झालाच नव्हता. चेंडू उंच गेला, लांब गेला आणि खणकन कुंपणावर आदळला.

"लागला!" मावशी खुर्चीवरून उठली. गुडघे-बिडघे विसरून.

"मॅडम," मागून टीचरचा आवाज आला. "पाय बाहेर होता."

चुन्याची रेषा तोवर पायांनी पुसून गेली होती. मॅडम चेंडूकडे बघत होत्या. टीचर काही कांगावखोर नव्हती, पण रेषा जरा तिरकी गेली तर मुलांना अख्खं चित्र परत काढायला लावणारी बाई ती!

"थांबा!" चौकटीतूनच ती बॅट उंचावून आनंदाने ओरडली. "पुरावा आहे! हा रोज फक्त माझे पाय टिपतो!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "नको," तो म्हणाला. "म्हणजे... बॅटरी..."

पण मॅडमनी मोबाइल घेतलासुद्धा. सगळ्या मुली खांद्यांवरून डोकावल्या. पडद्यावर पाय दिसले – जेमतेम एक सेकंद. मग कॅमेरा वर गेला आणि वरच राहिला. पडदाभर तिचा चेहरा. दातांत धरलेला ओठ, कपाळावर चिकटलेली बट, आणि फटका बसल्यावर हळूहळू मोठे होत गेलेले डोळे.

"पाय कुठायत?" मावशी चष्मा पुसत म्हणाली. "मला तर तोंडच दिसतंय."

मॅडमनी शनिवारचं लावलं. चेहरा. शुक्रवारचं. चेहरा. गुरुवारचं तर सुरूच चेहऱ्यापासून झालं. मुलींनी जो काही कल्ला केला, विचारू नका.

आणि ती? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला बाजूला ओढून नेत ती म्हणाली, "माझी जागा गेली तुझ्यामुळे! तीन वर्षं! काय करत होतास?"

"बघत होतो."

"पाय बघायचे होते!"

"बघितले ना सुरुवातीला. मग..." त्याने मान खाली घातली, पुन्हा वर केली. "मला तू आवडतेस. फार. रविवारनंतर सांगणार होतो, म्हणजे तुझ्या खेळात लुडबुड नको. आणि आता बघ, मीच सगळं नासवलं. मला माफ नको करूस."

तिला रडूही येत होतं आणि हसूही.

"ए क्रेन!" मॅडमची हाक आली. "पुरावा नाही, म्हणजे बादही नाही आणि मान्यही नाही. एक चेंडू परत. आखा गं रेषा नव्याने!"

टीचरनेच चुना आणला आणि सरळसोट रेषा आखली. "पायाकडे लक्ष कोण देणार?" मॅडमनी विचारलं. "मला चेंडू बघायचाय."

"मी," तो पुढे आला. मुली खो-खो हसल्या.

"तू?" मॅडम.

"मी आणि टीचर. दोघं." आणि तो सरळ जमिनीवर पालथा झाला, गाडीखाली शिरतो तसा. गाल मातीला, नाक रेषेपासून वीतभर. "आता मान वर करणार नाही. शपथ."

ती चौकटीत उभी राहिली. गाल तापले होते, कानात त्याचं 'फार' वाजत होतं, आणि तरी पाय मात्र आश्चर्य वाटावं इतके शांत होते. चेंडू आला. टाच सुटली. पुढचा पाय रोवला, आखूड आणि घट्ट. कंबर फिरली, खांदे फिरले, आणि हात... हात अगदी शेवटी आले, शहाण्यासारखे.

"आत!" तो मातीतून ओरडला. "पाय आत आहे!"

"आतच आहे," टीचर म्हणाली. "चांगला चार बोटं आत."

पण त्यांचं ऐकायला होतं कोण? सगळा संघ ओरडत पळत सुटला होता. मावशी मॅडमना मिठी मारत होती आणि मॅडमना ते मुळीच आवडत नव्हतं. तो मात्र तसाच पालथा, नजर रेषेवर.

"कुठे गेला चेंडू?" त्याने विचारलं. "कुणी सांगेल का?"

ती त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली. त्याच्या नाकाला चुना लागला होता.

"कुंपणापलीकडे गेला," ती म्हणाली. "बसमध्ये जागा मिळाली. आणि मलाही तू आवडतोस. फार."

तो हलला नाही. शपथ ती शपथ!

"आता वर बघ ना वेड्या," ती म्हणाली. "आता चेहरा बघितलास तरी चालेल."