पाठ केलेली नजर

“ग, म, न... आणि पुढे?” सासऱ्यांनी डोळे मिटून विचारलं, आणि ओट्याशी उभ्या असलेल्या सुनेचा पोळी लाटणारा हात थांबला. ओळ तिला तोंडपाठ होती. सासूबाईंना चष्म्यासाठी घेऊन गेली तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवरचा तो तक्ता तिनंच मनात साठवून आणला होता, सासूबाईंच्या सांगण्यावरून. उद्या सकाळी बसचालकांच्या डोळेतपासणीसाठी त्याच तक्त्यासमोर सासऱ्यांना उभं राहायचं होतं.

“र, प,” ती कशीबशी म्हणाली.

“एवढंच तर आहे,” सासूबाईंनी दाराची कडी पुन्हा चाचपून पाहिली. “निवृत्ती आलीच आहे तोंडावर. तोवर निभावलं की सुटलो.”

सासरे शाळेची बस चालवत. लहानथोर सगळे त्यांना बसबाबा म्हणत. चर्चमध्ये ते मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, होते. ज्याचं ‘हो’ म्हणजे हो आणि ‘नाही’ म्हणजे नाही, तोच खरा विश्वासणारा, असं ते बायबल वर्गातल्या मुलांना शिकवत. दोन शेजाऱ्यांत वाद झाला तर लोक त्यांच्याकडे येत, कारण बसबाबा खोटं बोलायचे नाहीत. बापाविना वाढलेल्या तिला या घरात आल्यावर त्यांच्या रूपानं बाप मिळाला होता... आणि त्याच बापाला ती आज खोटं पढवत होती.

गेल्या आठवड्यात तिच्या मुलीचा डबा घरी राहिला, म्हणून तो घेऊन ती धावत बसमध्ये चढली होती. शाळेजवळच्या वळणावर फुलवाली बादली घेऊन रस्ता ओलांडत होती, लख्ख उजेडात, अगदी समोर, आणि बसचा वेग काही कमी होईना. “बाबा, बाई!” ती किंचाळली तेव्हा ब्रेक लागला. मुलं पुढच्या बाकांवर आदळली, बादली चाकाखाली चेपली, फुलवाली मात्र थोडक्यात वाचली. सासरे घामानं डबडबले होते. “दिसली होती गं मला,” ते म्हणाले, “लावतच होतो ब्रेक.”

तेव्हापासून भीतीनं तिच्या काळजात घर केलं होतं. बसला जरा उशीर झाला की हातातलं काम गळून पडे. लांबून रुग्णवाहिकेचा आवाज आला की ती खिडकीचे गज धरून उभी राही. पण बोलायची सोय नव्हती. राहतं घर शाळेनं दिलेलं. नोकरी गेली की छप्पर गेलं. छापखान्यात काम करणारा नवरा म्हणाला होता, “आई सांगते तसं कर. या वयात बाबांना कुठे घेऊन फिरायचं?” प्रार्थनेला बसलं तरी तिला शब्द फुटत नव्हता. प्रभूकडे मागायचं तरी काय... बाबांची नोकरी टिकू दे, की जाऊ दे?

दवाखान्यात तीच सोबत गेली. सासऱ्यांनी अख्खा तक्ता अडखळल्याशिवाय म्हणून दाखवला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. “या वयात अशी नजर क्वचित दिसते. घरी काही तक्रार नाही ना?” त्यांनी सुनेला सहज विचारलं.

नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. डोळ्यांपुढे सासूबाईंचा चेहरा आला, आवरून ठेवलेलं घर आलं, आणि मग बसमधली पोरं आली, दप्तरं मांडीवर घेऊन निर्धास्त बसलेली. कुणाकुणाची. तिचीही.

“बाई, तक्ता बदला,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ओळखू येईना. “हा त्यांना पाठ आहे. मीच पाठ करून घेतलाय.”

सासऱ्यांनी वळून पाहिलं नाही. दुसरा तक्ता लागला. त्याच्यापुढे ते ताठ उभे राहिले, पण त्यांच्या तोंडून एकही अक्षर निघालं नाही. डोळ्यांचा पडदाच झिजलाय, आता चष्म्यानं भागणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात सांगितलं.

“लेकीसारखं वागवलं तुला,” घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या. “घर फिरलं की वासे फिरतात म्हणे. इथे वाशानंच घर फिरवलं.”

“आई, वळणावरची ती बाई मेली असती तर...”

“त्यांना दिसली होती ती. त्यांनी स्वतः सांगितलंय मला. ते खोटं बोलतात म्हणतेस?”



शाळेचं घर सुटलं. एका धोबीखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड आलं. सासूबाई तिचं ताट वाढून ठेवत, पण तिला हाक मारत नसत. नवरा कामापुरतं बोले. सासरे भिंतीकडे तोंड करून बसून राहत, आणि त्यांच्या पाठीकडे पाहताना तिच्या मनात येई... आपण खरं बोललो, की एका म्हाताऱ्या जिवाला जिवंतपणी पुरलं?

एका दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत असताना सासरे भिंत चाचपत तिच्यापाशी आले.

“सूनबाई, कोण होती ती?”

“कोण, बाबा?”

“वळणावर.” त्यांनी भिंतीचा आधार घेतला. “मला कुणीच दिसलं नव्हतं. तुझी किंकाळी तेवढी ऐकू आली.”

तिच्या हातातला कपडा तसाच राहिला. “फुलवाली, बाबा. शाळेजवळची.”

ते मटकन खाली बसले. “दर रविवारी वेदीसाठी जिच्याकडून फुलं नेतो, ती?” मग चाचपत ते तिच्याजवळ सरकले. “तुझ्याशी खोटं बोललो, आणि वर तुलाच खोट्याला जुंपलं. रोज गुडघे टेकत होतो, पण प्रभूपाशीसुद्धा हा विषय काढला नाही. भ्यायलो होतो गं. आंधळा होऊन कोपऱ्यात पडून राहीन, तुमच्यावर ओझं होईन...”

“मीही भ्यायले होते, बाबा. अजून भिते.”

“तरी बोललीस.” त्यांचा हात शोधत शोधत तिच्या डोक्यावर येऊन थांबला. “मला तिच्याकडे घेऊन चल. माफी मागायचीय. एकट्याला वाट सापडायची नाही.”

दारात सासूबाई उभ्या होत्या. “दिसली होती म्हणाला होतात तुम्ही,” त्या पुटपुटल्या. सासऱ्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ती खालीच ठेवली.

सासूबाई आत आल्या. मग वाकून त्यांनी नवऱ्याच्या चपला त्यांच्या पायांपुढे नीट मांडल्या, पदरानं तोंड पुसलं आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच सुनेकडे पाहिलं.

“हात घट्ट धर त्यांचा,” त्या म्हणाल्या. “जिना अरुंद आहे, पोरी.”