सुटी फुले

अमरावतीच्या परकोटाबाहेर, अंबानाल्याच्या काठी, वामनराव माळ्यांचा फुलमळा होता. आमच्या देवघरातला हार पिढ्यान्‌पिढ्या त्याच मळ्यातून येत असे. मी पाठशाळेत काव्य आणि व्याकरण शिकवीत असे. शिवाय काही जुन्या घरांची धर्मकृत्ये माझ्याकडे होती, त्यांत वामनरावांचे घर एक. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि युरोपात दुसरे युद्ध अद्याप पेटले नव्हते.

वामनरावांची पत्नी मनकर्णाबाई हार गुंफण्यात सिद्धहस्त. गाठ मारून झाली की ती दोरा दाताने तोडी. देवाच्या हाराला उष्टे लागू नये, असे मी एकदा तिला सुचवले होते. ती हसून म्हणाली, "देवानं कदी तक्रार केली नाही महाराज, तुमी कावून करता?" यावर शास्त्राधार शोधण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

ती माघात वारली. हार येत राहिला, पण तो टिकेना. सकाळी देवाला घातलेला हार नैवेद्याच्या वेळेपर्यंत सुटून ताम्हनात पडलेला असे. फुले टवटवीत, दोरा अखंड. गाठी तेवढ्या उकललेल्या. मी प्रथम दोऱ्याला दोष दिला, नंतर कोरड्या हवेला. फाल्गुनात एका लग्नात नवरीच्या गळ्यातली माळ बोहल्यावरच सुटली. चैत्रात देवीच्या गुरवाने वामनरावांचे हार परत पाठवले. मळ्यात मोगरा ओसंडत होता आणि घेणारे कोणी नव्हते.

मी विचारपूस करण्यास गेलो. वामनरावांची विधवा बहीण गोदाबाई आता हार गुंफीत असे. तिने आपली बोटे माझ्यापुढे धरली.

"पाहा महाराज, काय झालं यायले? जलमभर गाठी मारून राहिली मी. आता मारली का मागं सुटते."

"दोरा बदलून पाहिलात?"

"दोरा बदलला, हात बदलला. सोडणारी बदलत नाही." आणि तिने आवाज उतरवून मनकर्णाबाईच्या शेवटच्या दुपारची हकीकत सांगितली.

त्या घरात हार गुंफताना दोघे बसत. एक गुंफी आणि ओवी म्हणे. दुसरा फूल हाती देई आणि प्रत्येक चरणामागे "हूं" म्हणे. हुंकार आल्यावाचून पुढचा चरण म्हणायचा नाही, हा त्यांचा नियम. मनकर्णाबाईसमोर लहानपणापासून तिचा एकुलता मुलगा गोवर्धन बसे. पुढे त्याला क्लॅरिनेटचा नाद लागला. अकोल्याच्या लग्नाच्या बँडमध्ये तो वाजवू लागला. तेथून मुंबईला एका मोठ्या हॉटेलच्या वाद्यवृंदात गेला. गोऱ्या आणि गोव्याच्या वादकांबरोबर तो 'जॅझ' नावाचे अमेरिकेतील संगीत वाजवीत असे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मुंबईस तार गेली. वाद्यवृंद तेव्हा कलकत्त्याला गेलेला होता.

"वहिनी तापात ओवी म्हणून राहिली होती," गोदाबाई म्हणाली. "'पाट गेला वाफ्यातून मोगऱ्याच्या मुळापाशी.' आन् थांबली. दादानं हूं म्हटलं, त मान हालवली. 'तुमी नोका म्हनू,' म्हणाली. मी म्हटलं, त तोंड फिरवलं. तशीच वाट पाहत गेली. ओवी अर्धीच राहिली, महाराज."

तिच्या दुःखाला मी मान दिला. गाठी सुटण्याशी त्याचा संबंध जोडण्याची तयारी मात्र माझ्या बुद्धीची नव्हती.

अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आमच्याकडच्या आखजीच्या, आदल्या दिवशी गोवर्धन बडनेऱ्याहून टांग्याने आला. अंगात पाटलोण, हातात चावीचा ग्रामोफोन. उद्या मनकर्णाबाईच्या नावाने घागर भरायची होती, तिच्या साहित्याचे सांगण्यास मी मळ्यात गेलो होतो. वामनराव वाफ्यातून उठलेदेखील नाहीत.

"कावून आला? इथं नाच नाही, साहेब नाही. बाजा कोणाले आयकवतो?"

"मायले," गोवर्धन म्हणाला.

"मायनं तुह्यासाठी तोंड वासलं तवा कुठं होता?"

 गोवर्धनने माझ्याजवळ येऊन पिशवीतून एक तबकडी काढली. "महाराज, या बाजात एकजण विचारतो, दुसरा जवाब देतो. आन् जवाब ठरवलेला नसतो; ज्याच्या मनात जे दाटलं ते त्यानं वाजवायचं. पयल्यांदा आयकलं तवा मले वाटलं, हे त आमच्या घरचंच आहे."

सामगानात उद्गाता गात असता उपगाते खालून 'हो' असा स्वर धरून असतात. त्याची मला आठवण झाली, आणि परदेशी संगीताविषयीचा माझा आकस जरा निवळला.

"याच्यात मी मायची ओवी बांधली. पन तिची जागा कोनी वाजवावी? मी रिकामी ठेवली. माहे हूं तेवढे वाजवले. कंपनीवाले म्हणाले, गाणारी कुठं आहे? अर्धं गाणं आमी विकत नाही. हे नमुन्याची तबकडी मले देऊन टाकली." तबकडी पुन्हा पिशवीत ठेवीत तो म्हणाला, "उद्या तिच्या घागरीपाशी लावू द्या. बाबाले तुमीच सांगा. मग मी चालला जाईन."

मी वामनरावांना सांगितले. ते बराच वेळ खुरप्याची माती पुसत राहिले. "एकडाव वाजवू द्या," ते म्हणाले. "मंग तो आपल्या वाटेनं, मी माह्या."

दुसऱ्या दिवशी विधी विहिरीजवळच्या आंब्याखाली झाला. पाटावर पाण्याने भरलेली नवी घागर, पुढे पत्रावळीवर कुरडई आणि द्रोणात चिंचवणी. माळ्यांच्या त्या कुळात एक आचार होता. जिने जन्मभर हार गुंफले, तिला गुंफलेला हार वाहायचा नाही. सुटी फुले आणि दोऱ्याचे रीळ ठेवायचे. वामनरावांनी मोगऱ्याची टोपली आपल्याजवळ घेतली आणि रीळ घागरीच्या बुडाशी ठेवले. मी तिलोदक दिले. ऊन पांढरे झाले होते. मोगऱ्यावर मधमाश्या घोंघावत होत्या.

गोवर्धनने चावी भरून तबकडी लावली.

पियानो मोटेच्या चाकासारखा धिमा फिरू लागला. ढोलावर कोणी तारांचा कुंचा ओढीत होते. तो आवाज थेट पाटातल्या पाण्याचा. मग एक लांब रिकामी जागा. तिच्या शेवटी क्लॅरिनेट खालच्या स्वरात एकदाच बोलले. पुन्हा रिकामी जागा. पुन्हा तो स्वर. लहान मुलाने आईच्या मांडीजवळ बसून म्हणावा तसा तो हुंकार होता. एवढ्या परक्या वाद्यातून एवढे घरचे काही निघेल, अशी माझी कल्पना नव्हती.

"हे कायचं गाणं बापा, उंदरानं खाल्लेलं," गोदाबाई पुटपुटली आणि पदराने डोळे पुसू लागली.

वामनरावांचा हात टोपलीत गेला. क्लॅरिनेट बोलले की त्यांनी एक फूल पाटावर ठेवावे, असे सुरू झाले. ते आपण करीत आहोत, याचे भान त्यांना असावे असे दिसले नाही.

मग चावी उतरत आली. स्वर खाली गेले, ओढले गेले. तबकडी थांबली.

वामनरावांचा हात थांबला नाही. फूल घेऊन तो पाटावर अधांतरी राहिला.

गोवर्धन चावीकडे वळला, आणि वळताना मध्येच थबकला. घागरीकडे पाहत तो म्हणाला, "हूं."

फूल खाली ठेवले गेले.

त्यानंतर मी काहीही ऐकले नाही, हे स्पष्ट नमूद करतो. मधमाश्यांचा आवाजही नव्हता. परंतु गोवर्धन दोन हुंकारांच्या मध्ये जेवढा थांबे, ते अंतर ओवीच्या एका चरणाएवढे होते. छंद मी आयुष्यभर शिकवला आहे. त्यात माझी चूक होणार नाही.

"हूं."

फूल.

"हूं."

गोदाबाईने माझ्या उपरण्याचे टोक घट्ट धरले होते.

टोपली रिकामी झाली. गोवर्धनचे ओठ हलत होते, गालांवरून पाणी वाहत होते. तो फार वेळ थांबला, मग अगदी हळू, जणू झोपलेल्याला जाग येऊ नये अशा बेताने म्हणाला, "हूं."

मधमाश्या पुन्हा ऐकू येऊ लागल्या.

"म्हटली," वामनराव म्हणाले. "पुरी म्हटली तिनं." त्यांनी मुलाच्या पाटलोणीचा गुडघा चाचपला. "बस लेका. काल उन्हाचा आला, आता पानी तरी पे."

गोवर्धन त्यांच्याशेजारी मातीत बसला. मी उरलेला विधी आटोपता घेतला. पाटावरची फुले नाल्यात सोडायची होती. आम्हां चौघांपैकी कोणीही घागरीजवळचे रीळ हाती घेतले नव्हते, आणि वामनरावांनी फुले एकेक करून ठेवताना मी समोर बसलो होतो.

मी राशीवरचे एक फूल उचलले. त्याच्यामागून दुसरे उठले, मग तिसरे, आणि हळूहळू सगळी रास माझ्या हाताबरोबर वर आली. गाठी सारख्या अंतरावर, आवळून मारलेल्या होत्या.

मी खाली लोंबणारे दोऱ्याचे टोक चिमटीत धरून पाहिले. ते दाताखाली चेपल्यासारखे चपटे झाले होते, आणि वैशाखाच्या त्या उन्हात ओले होते.