मापूलाही कंपवात

"इंदुमतीबाईंना कंपवाताची शक्यता आहे," मापू तिसऱ्यांदा म्हणाला.

"ऐकलं रे बाबा," म्हणत इंदूआत्याने परात बाजूला सारली. तिच्या वडिलांना, अण्णांना, हाच आजार होता. शेवटी शेवटी त्यांना चहाचा कपही धरता येत नव्हता. आणि आता हा मापू, आरोग्य केंद्राचा यंत्रमानव, सकाळपासून तिच्या सोलापूरच्या भाकरी केंद्रात ठाण मांडून बसला होता.

तिची भाची गौतमी वैतागली. "आत्याचा हात थरथरताना मी कधी पाहिला नाही. तू कशावरून म्हणतोस?"

"त्यांना आरोग्य केंद्राने दिलेल्या मनगटपट्ट्यावरून. कंपवातात मेंदूतल्या डोपामिन (हालचालींवर ताबा ठेवायला मदत करणारे रसायन) बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. हात सेकंदाला चार ते सहा वेळा हलू लागतो. सुरुवातीला ते डॉक्टरांनाही कळत नाही. पण लाखो माणसांच्या हालचाली, आवाज आणि जनुके (आईवडिलांकडून आलेल्या गुणांच्या सूचना) एकत्र तपासली, की पुसटशी खूण सापडते."

"आत्याचा हात कधी हलतो?"

"फक्त सकाळी."

"तेव्हा ती भाकऱ्या थापते."

"भाकरी हा खाद्यपदार्थ आहे. त्याने हात हलत नाही."

गौतमीने कपाळावर हात मारला. आत्याचा पट्टा स्वतःच्या मनगटावर चढवून ती भाकरी थापू लागली.

"गौतमी, तुलाही कंपवाताची शक्यता आहे."

तिने पट्टा काढून मापूच्या धातूच्या मनगटावर बांधला. "आता तू थाप."

मापूने थापली. पीठ उडालं, भाकरी फाटली.

"मलाही कंपवात आहे," तो म्हणाला. मग पट्ट्याकडे पाहून, "पण मला मेंदूच्या पेशीच नाहीत."

"तू ज्या लाखो माणसांवरून शिकलास, त्यांत भाकरी थापणारे किती?"

"एकही नाही. त्यांच्या शहरांत भाकरी यंत्रातून येते."

"म्हणजे माहितीचा ढीग मोठा, पण अर्धवट. त्यात जे नाही ते तुला आजारच वाटणार."

मापू आत्याकडे वळला. "कंपवातात हात बहुधा स्वस्थ असतानाच थरथरतो. हात मांडीवर ठेवा."

आत्याने ठेवला. गौतमी वाकून पाहू लागली. हात निश्चल होता.

"शक्यता मागे घेतो. मात्र या आजारात हालचाली मंदावतातही. थापणाऱ्या हजारो हातांच्या नोंदी मिळाल्या, तर लयीतला बारीक बदलही लवकर कळेल. कदाचित औषध शोधणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल."

आत्याने मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. अण्णांचा कप तिला आठवला असावा. मग तिने परात पुढे ओढली.

"घे माझ्या नोंदी. इथे थापणाऱ्या बाकीच्या बायकांना मात्र विचारून घे. आणि आधी ते सांडलेलं पीठ पूस."